वाचकांचे प्रश्न : दूरच्या शाळा आणि आपली देणगी

मागील अंकात आम्ही आफ्रिका आणि दक्षिण आशियातील गरीब देशांमधील प्राथमिक शाळांविषयी एक टिपण छापले होते. तेथील अनेक शाळांना स्वयंसेवी, ना-नफा संस्थांचा आधार असतो, असे त्यात एका ओळीत म्हटले होते. त्या ओळीवर मुंबईतील वाचकांनी इतकी पत्रे पाठवली की, या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

मी निवृत्त शिक्षिका आहे. माझा भाचा नोकरीनिमित्त नैरोबीत असतो. त्याच्याकडून तिथल्या खेड्यांतील शाळांची हकिगत ऐकल्यापासून माझ्या बचतीतील पाच लाख रुपये अशा एखाद्या शाळेसाठी द्यावेत असे मनात आहे. परंतु मुलांना शिकवणे हे त्या त्या देशाच्या सरकारचे काम असताना ना-नफा संस्थांनी त्यात का पडावे, आणि एकूण खर्चापैकी त्या खरोखर किती भार उचलतात? — विलेपार्ले

बाई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यावरच पहिल्याचे उत्तर अवलंबून आहे. या संस्थांनी उचललेला भार एकूण खर्चाच्या मानाने लहान आहे आणि तो लहानच राहणार. युनेस्कोच्या अलीकडच्या अहवालांनुसार जगात २५ कोटींहून अधिक मुले आणि किशोरवयीन शाळेबाहेर आहेत. अत्यंत गरीब देश एका विद्यार्थ्यामागे वर्षाला साधारण ५५ डॉलर खर्च करू शकतात, तर श्रीमंत देश साडेआठ हजार डॉलरच्या आसपास. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांनी २०३० सालासाठी स्वतःच ठरवलेली शिक्षणाची उद्दिष्टे गाठायची, तर दर वर्षी सुमारे ९७ अब्ज डॉलर कमी पडतात, असा युनेस्कोचा अंदाज आहे. एवढी तूट जगातील कोणत्याही संस्थेच्या वर्गणीने भरून निघणारी नाही.

शिवाय प्राथमिक शिक्षणाच्या खर्चाचा फार मोठा हिस्सा शिक्षकांच्या पगाराचा असतो, हे आपणांस सांगायला नकोच. इमारत एकदा बांधून होते. पगार मात्र दर महिन्याला, वर्षानुवर्षे द्यावा लागतो, आणि तो नियमाने देण्याची ताकद कर गोळा करणाऱ्या सरकारकडेच असते. म्हणूनच २०१५ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे जमलेल्या देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४ ते ६ टक्के, किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे नामदार गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा त्यांचेही म्हणणे हेच होते की, हा खर्च सरकार आणि स्थानिक संस्था यांनी मिळून उचलावा. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले, आणि शिक्षणाचा कायदेशीर हक्क आपल्या मुलांच्या हाती पडायला २०१० साल उजाडले.

सरकारच्या एका निर्णयाने काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मलावीने १९९४ साली प्राथमिक शाळांची फी रद्द केली आणि पट सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांवर गेला. केनियाने २००३ साली तेच केले, तेव्हा तिथला पट सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर पोहोचला. फी माफ करण्याचा अधिकार आणि त्यापोटी येणारा खर्च सोसण्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी सरकारच्याच. परंतु एवढी मुले एकदम वर्गात आल्यावर शिक्षक अपुरे पडले, बाके अपुरी पडली आणि शंभर-शंभर मुलांच्या वर्गात पहिलीतले मूल अक्षर न ओळखताच दुसरीत जाऊ लागले. संस्थांचे खरे काम इथे सुरू होते. जी मुले वर्गात येऊनही मागे पडतात, किंवा ज्यांच्यापर्यंत शाळेची घंटा ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी काय केले तर उपयोग होतो हे छोट्या प्रमाणावर करून पाहायचे, आणि ते पटले की सरकारला घ्यायला लावायचे.

बांगलादेशातील 'ब्रॅक' ही संस्था १९७२ साली फझले हसन आबेद यांनी सुरू केली. तिने १९८५ साली २२ शाळांपासून प्राथमिक शिक्षणाचे काम आरंभले. एक खोली, तीसेक मुले, त्यांत मुलींची संख्या अधिक, आणि शिकवायला त्याच गावातील शिकलेली एक स्त्री. शाळेची वेळ शेतीच्या कामांकडे पाहून ठरवायची, म्हणजे कापणीच्या दिवसांत मुले गळत नाहीत. या साध्या रचनेतून लाखो मुले प्राथमिक शिक्षण पुरे करून बाहेर पडली.

आणखी एक काम आहे, ज्याला पैसा कमी लागतो पण धीर लागतो. ते म्हणजे खरे चित्र मांडणे. आपल्या देशात 'प्रथम' या ना-नफा संस्थेने २००५ पासून 'असर' ही पाहणी सुरू केली. स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलांसमोर एक कागद धरतात, ज्यावर अक्षरे, शब्द, एक परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट असते, आणि मूल कुठपर्यंत वाचते ते नोंदवतात. ग्रामीण भारतातील पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, ही गोष्ट या पाहणीमुळेच सगळ्यांच्या तोंडी आली. याच धर्तीवर २००९ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडा या तीन देशांत 'उवेझो' पाहणी उभी राहिली. स्वाहिलीत उवेझो म्हणजे क्षमता. पट किती, हे सरकार सांगत होतेच. त्या पटावरच्या मुलाला वाचता येते का, हे विचारण्याचे काम संस्थांनी केले.

तेव्हा आपल्या पाच लाखांविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की, ते इमारतीत घालू नयेत. दारावर नावाची पाटी लागेल, पण आत शिकवणाऱ्याचा पगार कोण देणार हे ठरलेले नसेल, तर ती खोली काही वर्षांत धान्य साठवण्यासाठी वापरली जाते. भाच्याला सांगून अशी संस्था शोधावी, जी तिथल्या सरकारी शाळेतच काम करते आणि मुलांना वाचायला शिकवण्याचा निश्चित कार्यक्रम चालवते. रक्कम एकदम न देता तीन वर्षांत विभागून द्यावी. पैसे इथून पाठवण्याविषयीचे नियम या सदराच्या शेवटच्या उत्तरात दिले आहेत, ते अवश्य वाचावेत.

आमच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाकडे या वर्षी वर्गणीतून काही रक्कम शिल्लक आहे. कार्यकर्त्यांचे मत असे की, गरीब शाळांना पुस्तके किंवा टॅब द्यावेत, म्हणजे दिलेली वस्तू डोळ्यांना दिसते. यात काही गैर आहे का? — गिरगाव

आपण गिरगावचे आहात, म्हणून आधी एक आठवण. १८४९ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात एका शाळेला जागा दिली आणि दादाभाई नौरोजींसारखे तरुण सुरुवातीला विनावेतन शिकवायला उभे राहिले. जागा आणि शिकवणारी माणसे, या दोन गोष्टींची गरज त्यांनी बरोबर ओळखली होती.

आता पुस्तकांविषयी. १९९०च्या दशकाच्या मध्यास पश्चिम केनियातील बुसिया परिसरात एका डच स्वयंसेवी संस्थेने शाळांना सरकारी पाठ्यपुस्तके दिली. अनेक मुलांत मिळून एक पुस्तक, अशी तिथली स्थिती होती, त्यामुळे या मदतीने निकाल सुधारतील याविषयी कुणालाच शंका नव्हती. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तके मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली, तेव्हा सरासरी गुणांत काहीच फरक आढळला नाही. जी मुले आधीपासून हुशार होती, तेवढ्यांनाच लाभ झाला. कारण शोधल्यावर कळले की, पुस्तके इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही त्यातील पुष्कळ मुलांची तिसरी भाषा. घरी मातृभाषा, बाजारात स्वाहिली आणि शाळेत इंग्रजी, अशी त्यांची अवस्था होती. त्यांना पुस्तक मिळाले होते, पण ते वाचता येत नव्हते.

याच क्रेमर यांनी एडवर्ड मिगेल यांच्यासह त्याच भागातील ७५ शाळांत जंतनाशक गोळ्या देण्याच्या उपक्रमाचा अभ्यास केला, आणि गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे दाखवले. त्या निष्कर्षांवर पुढे तज्ज्ञांत मोठे वाद झाले. तरीही शाळेच्या दृष्टीने एक स्वस्त गोळी किती मोलाची असू शकते, हा विचार त्यातून रुजला. आपल्या शाळांत २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, तो आपणांस ठाऊक असेलच.

मला स्वतःला मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमध्ये बालवाड्या आणि वाचनवर्ग चालवण्याचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. तिथल्या एका शाळेला एका देणगीदाराने संगणक दिले होते. उद्घाटनाला हार-तुरे झाले, छायाचित्रे निघाली. वर्षभराने मी गेले, तेव्हा संगणक कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होते. मुख्याध्यापकांना दोष देऊन चालणार नाही. यंत्र बिघडले तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार आणि हरवले तर भरपाई कोण करणार, याचे उत्तर देणगी देताना कुणी त्यांना दिलेच नव्हते. त्या कपाटासमोरून रोज जाणारी चौथीतील एक मुलगी 'कमळ' हा शब्द 'क, म, ळ' असा सुटा सुटा वाचून थांबत असे. तिला गरज होती रोज तासभर शेजारी बसून वाचून घेणाऱ्या माणसाची.

हेच मुंबईत 'बालसखी' उपक्रमाने सिद्ध केले. 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यास मुंबईतच, युनिसेफ आणि महापालिकेच्या सहकार्याने, वस्त्यांमधील बालवाड्यांपासून उभी राहिली. तिने मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत वस्तीतल्याच, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या तरुण मुली नेमल्या. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्याच वेळात रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन त्या वाचन आणि अंक शिकवत. मानधन अगदीच थोडे होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची पाहणी केली, आणि मागे पडलेल्या मुलांनी लक्षणीय प्रगती केल्याचे आढळले. उपक्रम संपल्यावर वर्षभरात त्या प्रगतीचा बराच भाग ओसरला, हेही त्याच पाहणीत नमूद आहे. ज्यांना एकदाच देणगी देऊन मोकळे व्हायचे असते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅनर्जी, डफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे अशा प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

मुलाची इयत्ता न पाहता त्याला आज जेवढे येते तेथून शिकवायचे, ही मुंबईच्या वस्त्यांतून वाढलेली पद्धत पुढे आफ्रिकेत गेली. झांबियाच्या सरकारने २०१६ पासून ती 'कॅच अप' या नावाने आपल्या शाळांत आणली. श्रीमंत देशातून गरीब देशात ज्ञान जाते, अशी आपली समजूत असते. इथे कुर्ला-गोवंडीसारख्या वस्त्यांत घासूनपुसून तयार झालेली रीत लुसाकाच्या शिक्षण खात्याने स्वीकारली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तेव्हा मंडळाने टॅबचा विचार सोडून, जवळच्या एखाद्या महापालिका शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी एका ताईच्या दोन वर्षांच्या मानधनाची जबाबदारी घ्यावी. सुरुवातीला आणि दर सहा महिन्यांनी मुलांचे वाचन तपासून त्याचा तक्ता मंडळाच्या फलकावर लावावा. दिलेली देणगी डोळ्यांना दिसावी, ही कार्यकर्त्यांची अपेक्षा रास्तच आहे. ती या तक्त्यात दिसेल.

एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रतिनिधीने लोकलच्या स्थानकाबाहेर मला थांबवून एका मुलीचे छायाचित्र दाखवले आणि 'दरमहा एवढे द्या, हिचे शिक्षण होईल' असे सांगितले. असे एका मुलाला दत्तक घेणे योग्य आहे का? — लालबाग

ही रीत जुनी आहे. ॲक्शनएड ही संस्था १९७२ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली, तीच भारत आणि केनियातील ८८ मुलांना ८८ देणगीदार जोडून देऊन. या रीतीचा उपयोगही होतो. अशाच पद्धतीने काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेच्या, भारतासह सहा देशांतील, मोठ्या झालेल्या लाभार्थींचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांचे शालेय शिक्षण इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष अधिक झाल्याचे दिसले.

तरीही मला ही रीत अपुरी वाटते. पन्नास मुलांच्या वर्गात एकीच्याच पायात नवे बूट आले, तर उरलेल्या एकोणपन्नास जणांना काय वाटत असेल, याचा विचार शिक्षकालाच करावा लागतो. म्हणूनच अनेक संस्था आता छायाचित्र एका मुलीचे दाखवतात, पण पैसा साऱ्या वस्तीसाठी वापरतात. ते उत्तमच आहे, मात्र तसे त्यांनी देणगीदाराला आधी सांगितले पाहिजे. आपण त्या प्रतिनिधीला हा प्रश्न सरळ विचारा.

मुलींच्या माध्यमिक शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'कॅमफेड' या संस्थेची पद्धत मला अधिक पटते. १९९३ साली झिंबाब्वेतील ३२ मुलींपासून तिची सुरुवात झाली. कोणत्या मुलीला मदत द्यायची हे परगावचा देणगीदार ठरवत नाही. गावातले पालक, शिक्षक आणि प्रमुख मंडळी मिळून ठरवतात. आणि शिकून मोठ्या झालेल्या मुलींनी स्वतःची संघटना उभारली असून त्या आता पुढच्या मुलींच्या फीला हातभार लावतात.

एक विनंती. त्या मुलीचे पत्र, तिचा पत्ता, तिची नवीन छायाचित्रे यांचा आग्रह धरू नये. मदत घेतली म्हणून तिने अनोळखी माणसाला आपले आयुष्य दाखवत राहावे, हे तिच्यावर लादलेले ओझे आहे.

मी बँकेत होतो. एका संस्थेचा ताळेबंद पाहिला, तर खर्चाचा मोठा भाग पगारावर होता. सेवाभावी म्हणवणाऱ्यांनी देणगीतून पगार घ्यावेत का? — मुलुंड

आपण ताळेबंद वाचला याबद्दल आपले कौतुक करते, कारण बहुतेक देणगीदार माहितीपत्रकावरच थांबतात. पण त्या रकमेची आणखी फोड करून पाहायला हवी. वर्गात शिकवणाऱ्या ताईचा पगार आणि मुख्य कार्यालयातील खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी देणग्यांविषयीच्या आपल्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. परंतु त्या नियमांतही शाळेतील शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरला जात नाही. शिक्षणाच्या कामात माणूस हेच साधन आहे. त्याला नीट पगार दिला नाही, तर तो वर्षभरात सोडून जातो आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून प्रशिक्षण द्यावे लागते. त्या ये-जा करणाऱ्या ताईंमुळे मुलांचे किती नुकसान होते, ते मी वर्गात बसून पाहिले आहे.

आपल्यासारख्या हिशेबी माणसाला आवडेल असे एक उदाहरण देते. राजस्थानात मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेने २०१५ ते २०१८ या काळात भिलवाडा जिल्ह्यात वेगळ्या कराराने काम केले. एका प्रतिष्ठानाने आधी पैसे घातले, आणि ठरलेली प्रगती झाली तरच दुसऱ्या प्रतिष्ठानाने ते व्याजासह परत करायचे, असा तो करार होता. प्रगती झाली की नाही, हे तिसऱ्याच, त्रयस्थ संस्थेने तपासले. शाळाबाह्य मुलींना दाखल करण्याचे उद्दिष्ट ११६ टक्के आणि शिकण्यातील प्रगतीचे उद्दिष्ट १६० टक्के पूर्ण झाले. पगाराला किती आणि प्रवासाला किती, हे कुणी विचारले नाही. मुली काय शिकल्या एवढेच मोजले. पहिल्या दोन वर्षांत प्रगती मागे पडलेली दिसली, तेव्हा संस्थेने आपली शिकवण्याची पद्धत मध्येच बदलली, आणि तसे करण्याची मोकळीक तिला होती. प्रत्येक संस्थेला असा करार परवडणार नाही, कारण मोजणीलाच पुष्कळ पैसा लागतो. पण आपण पुढचा ताळेबंद हाती घ्याल, तेव्हा त्याच्याशेजारी मुलांच्या प्रगतीचा कागदही मागून घ्यावा.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकते. परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या शाळा त्या देशांना परावलंबी करत नाहीत का? — माटुंगा

करू शकतात, आणि त्याचे ताजे उदाहरण तुझ्यासमोर आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला, आणि त्याच वर्षी १ जुलैला यूएसएड ही तिची मदतसंस्था बंद झाली. यूएसएड हे सरकारी खाते होते; परंतु तिच्या पैशावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांमध्ये ना-नफा संस्था मोठ्या संख्येने होत्या. त्यांचे वाचनाचे, शिक्षक-प्रशिक्षणाचे कार्यक्रम अर्ध्यावर थांबले. ज्या मुलांसाठी हे सारे चालले होते, त्यांना वॉशिंग्टनमध्ये काय ठरले हे कळण्याचेही कारण नव्हते.

म्हणून पैसा किती, याइतकाच तो कुठून येतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 'ब्रॅक'ने १९७८ साली 'आडोंग' हे हस्तकलेच्या वस्तूंचे दुकान सुरू केले, पुढे दुग्धव्यवसाय आणि इतर उद्योग काढले, आणि त्यांच्या उत्पन्नातून आपल्या कामाचा मोठा भाग चालवला. आपल्या मुंबईत जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी निधी ठेवला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा होता. एकाने फेडले की ते पैसे पुढच्याच्या कामी येत.

पण मला सर्वांत जवळचे वाटते ते आपल्या सातारा भागातील उदाहरण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मुष्टिफंड काढला; घरातील बाईने रोज दळणातून मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते गोळा करून वसतिगृहात न्यायचे. मुले 'कमवा आणि शिका' म्हणत स्वतः राबत. वसतिगृहात धान्य उरले नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. ज्या बाईने रोज मूठभर ज्वारी दिली, ती आपल्या मुलाला शाळेतून सहजासहजी काढत नव्हती, आणि शाळा नीट चालत नसेल तर विचारायलाही कचरत नव्हती. तुझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मालकीची भावना म्हणत असतील. बाहेरचा पैसा वाईट नसतो. पण गावाची मूठ त्यात नसेल तर बाहेरचा हात निघताच सारे थांबते. एखाद्या संस्थेचे काम तपासताना, आमचा पैसा उद्या बंद झाला तर यातले काय उरेल, हे तू आवर्जून विचार.

मुंबईतून थेट आफ्रिकेतील संस्थेला देणगी पाठवता येते का? करसवलत मिळते का? आणि आमच्या कंपनीला सामाजिक दायित्वाचा निधी तिकडे देता येईल का? — गोरेगाव

व्यक्तीला देता येते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीय एका आर्थिक वर्षात एकूण अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकतात, आणि त्यात देणगीचाही समावेश होतो. मात्र अशा देणगीवर भारतात करसवलत मिळत नाही. विलेपार्ल्याच्या बाईंनी बँकेत जाऊन आधी ही माहिती घ्यावी आणि पैसे भाच्याच्या खात्यावर न पाठवता थेट संस्थेच्या खात्यावर पाठवावेत.

भारतातील धर्मादाय विश्वस्त संस्थेने देशाबाहेर खर्च केला तर त्या रकमेवर करमाफी सहसा मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. म्हणून इथल्या एखाद्या ट्रस्टमार्फत पैसे पाठवू, असे कुणी सुचवल्यास ती मान्यता दाखवायला सांगावी. कंपनीच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. २०१३च्या कंपनी कायद्याखालील सामाजिक दायित्वाचा निधी भारतातच खर्च करावा लागतो.

इथल्याच संस्थेला देणार असाल, तर ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे का, हे वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातून पडताळता येते. आधीच्या आयकर कायद्याच्या ८०-जी कलमाखाली देणगीवर मिळणारी करसवलत केवळ जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच लागू होती, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नसे; १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकराच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा आपल्या सनदी लेखापालांना विचारूनच चेक लिहावा.